बोक्याचे ७२ तास

बोक्याची लघवी पूर्ण तुंबली आणि उपचार झाले नाहीत, तर तो साधारण तीन ते सहा दिवसांत मरतो. इथे हिशेब तीन दिवसांचा धरला आहे. बोका प्रातिनिधिक: पाच किलोचा, नसबंदी झालेला, फ्लॅटबाहेर न पडणारा, कोरड्या दाण्यांवर वाढलेला. दिवस मुद्दाम दिवाळीचे घेतले आहेत. फटाके, पाहुणे आणि बंद दवाखाने तेव्हा एकदमच येतात.

घड्याळ सुरू होण्याआधी

मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. त्यामुळे तहान कमी आणि लघवी घट्ट, ही त्याची मूळ प्रकृती. उंदीर मारून खाणाऱ्या मांजराला बरंचसं पाणी शिकारीतूनच मिळतं. डब्यातल्या ओल्या खाण्यातही पाऊण हिस्सा पाणी असतं. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. ही तूट वाटीतलं पाणी पिऊन पुरती भरून निघत नाही. घट्ट लघवीत स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे बारीक स्फटिक धरतात.

त्यात घरात साफसफाई निघते, त्याचा शी-शूचा वाळूचा ट्रे बाल्कनीत जातो, दिवसभर बेल वाजत राहते. मांजराला हा ताण थेट मूत्राशयात भोवतो. अस्तराला सूज येते, चिकट स्राव सुटतो, त्यात स्फटिक अडकतात आणि बूच तयार होतं. मादीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असल्याने बहुतेकदा तिचं निभावतं. बोक्याची नलिका टोकाशी एक मिलिमीटरसुद्धा रुंद नसते.

उरले ७२ तास : लक्ष्मीपूजन, रात्री १०

बाहेर माळा फुटताहेत, बोका पलंगाखाली आहे. बूच नलिकेत अडकतं. घरात कुणाला काही कळत नाही, कळणं शक्यही नाही.

६० तास : पाडवा, सकाळी १०

तो ट्रेमध्ये जातो, बसतो, कुंथतो, बाहेर येतो. पाच मिनिटांनी पुन्हा. मग बाथरूमच्या फरशीवर, मग धुवायच्या कपड्यांवर. मागचा भाग सारखा चाटतो. एखादा गुलाबी थेंब पडतो.

घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘‘याला शी होत नाहीये. दिवाळीचं काहीतरी खाल्लं असेल.’’

सगळ्यात जास्त बोके या एका वाक्यापायी उशिरा दवाखान्यात पोचतात, असं माझं ठाम मत आहे. बद्धकोष्ठ झालेला बोका आणि लघवी अडलेला बोका बसतात सारखेच. मग तूप चाटवलं जातं, दूध दिलं जातं, कुणी एरंडेल सुचवतं. खरी तपासणी दोन मिनिटांची आहे: वाळू उपसून ओले गोळे शोधायचे. रात्रीपासून एकही नसेल, तर निदान होईपर्यंत लघवीच अडली आहे असं धरायचं आणि निघायचं. या घडीला गेलं तर काम पुष्कळच सोपं असतं.

४८ तास : पाडवा, रात्री १०

मूत्राशय मोसंब्याएवढं, टणक. पोटाला हात लावला की बोका ओरडतो. दाबून लघवी काढायचा प्रयत्न घरी कुणीही करू नये; ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नको, ते मांजराला विषच आहे.

आता दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोचला आहे. रक्त गाळण्याचं काम मंदावतं.

३६ तास : भाऊबीज, सकाळी १०

दाण्यांना तोंड लावलेलं नाही. दोनदा उलटी. कुंथणं मात्र कमी झालंय. घरच्यांना वाटतं, बरं वाटतंय त्याला. उद्या दवाखाना उघडला की नेऊ.

२४ तास : भाऊबीज, रात्री १०

लघवीतून जायचं ते पोटॅशियम रक्तात साठतंय. ते फार वाढलं की हृदयाचे ठोके वाढण्याऐवजी मंदावतात. मांजराचे ठोके दवाखान्यात मिनिटाला १४० ते २२० असतात. आजारी, भेदरलेल्या मांजराचे त्याहून कमी लागले आणि अंगही गार असलं, की डॉक्टर आधी हृदयाकडे धावतात.

अजूनही वाचवता येतं. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. पोटॅशियम त्याने उतरत नाही, पण हृदयाला थोडा वेळ आधार मिळतो. इन्शुलिन आणि डेक्स्ट्रोज पोटॅशियम पेशींत ढकलतात. सलाइन चालू असतं. मग भूल देऊन बारीक नळी घालतात, बूच धुऊन सोडवतात. नळी एकदोन दिवस ठेवावी लागते. मोकळी झालेली मूत्रपिंडं लघवीचा लोट सोडतात, तेवढं पाणी सलाइनने भरत राहावं लागतं. वेळेत उपचार मिळालेल्या बोक्यांपैकी बहुसंख्य जिवंत घरी जातात.

१२ तास : भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी १०

कान, पंजे थंड. हाक मारली तरी मान उचलत नाही.

शून्य : त्याच रात्री १०

हृदय थांबतं.

यातून वाचलेल्या बोक्याला अडथळा पुन्हा येऊ शकतो, म्हणून घरी परतल्यावरचं जगणं बदलावं लागतं. शक्य तेवढं ओलं खाणं द्या. पाण्याच्या वाट्या जेवणापासून दूर, दोनतीन ठिकाणी ठेवा. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, शांत कोपऱ्यात, रोज साफ केलेले असू द्या. सणासुदीला त्याला एक बंद, निवांत खोली द्या. स्ट्रुव्हाइटचे खडे खास आहाराने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. तेव्हा औषधी खाद्य डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

आणि रात्री, सुट्टीच्या दिवशी उघडा असणारा जवळचा जनावरांचा दवाखाना कोणता, हे आजच शोधून त्याचा नंबर फोनमध्ये घाला. बोका कुंथतोय आणि ट्रे कोरडा आहे, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.