चित्रातलं जठर आणि उभ्या माणसाचं जठर

दवाखान्याच्या भिंतीवर लावलेलं पोटाचं रंगीत चित्र तुम्ही पाहिलं असेलच. ते चित्र कुणाला समोर ठेवून काढलं, असा प्रश्न कधी पडलाय का? आज त्याचाच थोडा इतिहास पाहू.

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाचे मोठे वैद्य होते. त्या काळी तिथे मानवी शवविच्छेदन होत नसे, म्हणून त्यांनी माकडं, डुकरं असे प्राणी कापून पाहिले आणि त्यावरून माणसाचं वर्णन केलं. खालचा जबडा दोन हाडांचा आणि छातीचं मधलं हाड सात तुकड्यांचं, असं त्यांनी लिहिलं. पुढे तेराशे वर्षं बहुतेकांनी तेच पुन्हा पुन्हा उतरवलं. १५४३ साली व्हेसालियस यांनी स्वतः शवविच्छेदन करून सचित्र ग्रंथ छापला, तेव्हा कुठे या चुका ठळकपणे समोर आल्या.

पण मृतदेहाचीही एक अडचण असते. तो आडवा असतो आणि त्याचे स्नायू सैल पडलेले असतात. मग उभा माणूस काढायचा कसा?

लायडनचे प्राध्यापक आल्बिनस आणि त्यांचे चित्रकार यान वांडेलार यांनी यावर छान युक्ती काढली. सांगाडा दोऱ्या बांधून उभा केला आणि त्याच्याच शेजारी त्याच बेताचा एक सडपातळ माणूस उघड्या अंगाने उभा केला. त्याची कंबर, खांदे, पाय जसे होते, तसाच सांगाडा दोऱ्या ओढून जुळवला. काम हिवाळ्यात चालायचं, म्हणून त्या माणसाला ऊब मिळावी यासाठी विस्तव पेटवावा लागे. १७४७ साली तो ग्रंथ निघाला. त्यातल्या एका सांगाड्यामागे तुम्हाला चक्क एक गेंडा दिसेल! ती क्लारा, भारतातून युरोपात नेलेली गेंडीण.

सांगाडा आणि स्नायू असे जिवंत माणसाशी ताडून पाहिले गेले. पोटातले अवयव मात्र तसे पाहता येत नव्हते. आडव्या मृतदेहात ते छातीच्या पडद्याकडे सरकलेले असतात. चित्रं तशीच निघाली आणि ‘नॉर्मल’ म्हणजे तेच, हे डॉक्टरांच्या मनात पक्कं बसलं.

१८८५ साली फ्रेंच डॉक्टर ग्लेनार्ड यांनी ‘अवयव खाली सरकण्याचा’ आजार सांगितला. पुढे क्ष-किरण आले. बिस्मथ पाजून उभ्या माणसाचे फोटो काढले, तर पुष्कळ जणांचं जठर इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखं खाली लोंबलेलं दिसलं. पुस्तकात तर ते बरंच वर! मग अपचन, थकवा, पाठदुखी अशा तक्रारींचं खापर त्या ‘घसरलेल्या’ जठरावर फुटलं. कुणाला पट्टे बांधले, तर कुणाचं पोट उघडून जठर किंवा मूत्रपिंड वर टाके घालून बसवलं. प्रतिजैविकं यायच्या आधीचा तो काळ. अशा शस्त्रक्रियेत जीवाला केवढा धोका असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

१९२०च्या दशकात अमेरिकेत काही डॉक्टरांनी अगदी निरोगी विद्यार्थ्यांना उभं करून त्यांचे क्ष-किरण फोटो काढले. त्यांचीही जठरं खालीच होती! म्हणजे दोष पोटात नव्हता, चित्रात होता. हळूहळू तो ‘आजार’ मागे पडला.

यातून तुम्ही काय घ्यायचं? पुस्तकातलं किंवा मोबाईलवरचं चित्र हा नकाशा आहे, तुमचं शरीर नव्हे. उंची, बांधा, श्वास, उभं राहणं की झोपणं, या सगळ्यांनी अवयवांची जागा थोडी बदलते. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये एखादा अवयव ‘थोडा खाली’ किंवा ‘वेगळ्या आकाराचा’ लिहिला असेल, तर लगेच घाबरू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, “हा आजार आहे, की माझी ठेवणच अशी आहे?” आणि पोट दुखत असेल, तर चित्रात बोट ठेवून जागा शोधत बसू नका. डॉक्टरांना पोट दाखवा. त्यांना हात लावून तपासू द्या.