देणाऱ्याच्या कुशीवरचा व्रण

किडनी प्रत्यारोपणाच्या गोष्टीत आपण देणाऱ्याला विसरतो, असं मला नेहमी वाटतं. २३ डिसेंबर १९५४ला बॉस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकने जुळ्या भावाला किडनी दिली. भाऊ वाचला, पण चाकू धडधाकट रोनाल्डवरही चालला. पुढे चाळीस वर्षं दात्यांच्या वाट्याला तेच आलं: कुशीवर लांब छेद, कधी बरगडीचा तुकडाही काढलेला.

१९९०मध्ये सेंट लुईसला राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीने आजारी किडनी काढली, पण तुकडे करून. दात्याची किडनी तर अखंड हवी! १९९५मध्ये बाल्टिमोरला रॅटनर आणि कवूसी यांनी ती छिद्रांतून सोडवली आणि लहानशा छेदातून सबंध बाहेर काढली.

दात्याला स्वतःला या ऑपरेशनची गरजच नसते. त्याचं दुखणं कमी करणं, एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.