मधला घास गार का?

गेल्या पावसाळ्यात आईने सकाळचा भात मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये गरम करून मला वाढला. कडेची शिते वाळून टणक झालेली, आणि मधला घास गारढोण! "अरे, चुलीला आच कमीजास्त करता येते. ह्या पेटीला काय सांगायचं?" आई म्हणाली.

आईची ही तक्रार ह्या पेटीइतकीच जुनी आहे. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट ह्या दोघांनी रडारसाठी जी मॅग्नेट्रॉन नळी घडविली, तिच्यापासून ही कथा सुरू होते. महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत अशा नळीजवळ पर्सी स्पेन्सर उभे होते, आणि त्यांच्या खिशातील गोड वडी विरघळली, असे सांगतात. ह्या गृहस्थांनी प्राथमिक शाळादेखील पुरी केली नव्हती. आम्ही मॅट्रिकवाले उगीच कुरकुरतो! ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४७ साली 'रडाररेंज' बाजारात आले. उंची पुरुषभर, वजन सुमारे ३४० किलो. स्वयंपाकघरातील ओट्यावर मावेल असे यंत्र यावयास १९६७ साल उजाडले.

पण आच सारखी लागावी कशी? पेटीच्या धातूच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरी जाणाऱ्या लहरींत मिसळतात. काही जागी त्यांचा जोर वाढतो, तर काही जागी तो मावळतो. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणून तीनचार बोटांच्या अंतराने पदार्थ कुठे पोळतो, कुठे कच्चा राहतो. त्यावर पहिला तोडगा निघाला तो लहरी विखुरणाऱ्या धातूच्या पंख्याचा. १९६६ साली जपानच्या शार्प कंपनीने दुसरा काढला: लहरींना हलविण्याऐवजी ताटच फिरते ठेवावयाचे! ह्या ताटाचा मध्य मात्र जागच्या जागीच फिरतो. शिवाय लहरी अन्नात दोनतीन सेंटिमीटरच जोमाने शिरतात. पुढची वाट उष्णतेने आपली आपण चालावयाची. गोठलेल्या अन्नाची तर आणखीच पंचाईत. बर्फ ह्या लहरी फारशा शोषीत नाही, पाणी शोषते. म्हणून आधी वितळलेला कोपरा सारी आच लुटून नेतो.

ही नुसती चवीची बाब नव्हे. अर्धवट तापलेल्या भागात जंतू जिवंत राहतात. तान्ह्याची बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतले दूध तोंड पोळते.

मी आईला म्हटले, "भात कडेला सार, मध्ये जागा मोकळी ठेव."

"म्हणजे आमटीला आळं करतो तसं?"

"अगदी तसंच."

तिने आळे केले, पाण्याचा हबका मारला, वर झाकण ठेवले. अर्ध्यावर मी पेटी थांबविली आणि तिने भात खालवर केला. पेटी बंद झाल्यावरही दोन मिनिटे झाकण काढू नकोस, असे मी सांगत होतो, तोच ती म्हणाली, "ते मला नको शिकवूस. भात मुरू द्यावा लागतो, हे तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे मला."