डाल्टनचा डोळा



मी ज्यास तांबडें म्हणतों, तें आपणांसहि तसेंच दिसतें काय? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें १६९० सालच्या आपल्या ग्रंथांत हाच प्रश्न घातला आहे. झेंडूच्या फुलानें एकाच्या मनांत जी संवेदना उठते, तीच दुसऱ्याच्या मनांत जांभळ्या फुलानें उठत असली, तरी दोघेहि शिकविलेलींच नांवें उच्चारणार. मग हा भेद उघडकीस यावा कसा, असा त्याचा आशय होता.

शंभर वर्षांनीं या भेदाचा एक अंश उघडकीस आला. जॉन डाल्टन या तरुण शिक्षकानें १७९२ सालीं मेणबत्तीच्या उजेडांत जिरेनियमचें एक गुलाबी फूल पाहिलें. दिवसां त्यास तें आकाशासारखें निळें दिसे. आतां तें तांबडें दिसलें. मित्रांस विचारतां त्यांना असा पालट दिसेना. दिसला तो फक्त त्याच्या भावास. १७९४ सालीं त्यानें मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढें या विषयावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा, असा त्याचा तर्क होता. १८४४ सालीं तो वारल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणें डोळा तपासला, तों द्रव अगदीं स्वच्छ! तो डोळा मात्र जपून ठेवण्यांत आला आणि १९९५ सालीं त्यांतील आनुवंशिक द्रव्याची परीक्षा होऊन खरें कारण कळलें. आपल्या नेत्रपटलांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकीं हिरव्या प्रकाशास विशेष जागणारें रंगद्रव्य डाल्टनच्या डोळ्यांत नव्हतें.

हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. १८७५ सालीं स्वीडनमध्यें लागरलुंडा येथें दोन आगगाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसें दगावलीं. सिग्नलचे रंग ओळखण्यांत चूक झाली असावी, असा संशय होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञास आला. तो सिद्ध झाला नाहीं. पण त्यानें रेल्वेच्या नोकरांपुढें लोकरीच्या रंगीबेरंगी लडी मांडून नमुन्याशीं जुळणाऱ्या लडी वेचावयास सांगितलें. रंगाचें नांव त्यानें विचारलें नाहीं, हेंच या परीक्षेचें मर्म. नांव पाठ करतां येतें. डोळ्यांस न दिसणारा फरक पाठ करतां येत नाहीं.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत शेंकडा सुमारें आठांस व स्त्रियांत दोनशेंत सुमारें एकीस रंगदृष्टीचा असा जन्मजात दोष असतो. म्हणून शिक्षकाच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाची पालकांस व गुरुजनांस एवढीच विनंति कीं, चित्रांतलें पान तपकिरी रंगविणाऱ्या मुलावर रागावण्यापूर्वीं त्याची दृष्टि तपासून घ्यावी. तें मूल कदाचित् त्यास जसें दिसलें तसेंच प्रामाणिकपणें रंगवीत असेल.

लॉकचा प्रश्न मात्र पूर्णपणें सुटला असें नाहीं. दोघांनीं वेचलेल्या लडी तंतोतंत जुळल्या, तरी दोघांच्या मनांतील तांबडें एकच कीं निराळें, हें कोणतीहि लडी सांगूं शकत नाहीं.