काकांची वही

परवा माळा आवरताना काकांची वही सापडली. गावच्या कबड्डी मंडळाचे ते मानद सचिव. मैदान आखण्यापासून पावत्या फाडण्यापर्यंत सगळं तेच बघायचे. शिकवलं कुणीच नव्हतं.

वही चाळताना एक जुनी गोष्ट आठवली. १९५७ साली ब्रुकलिन डॉजर्स या अमेरिकन बेसबॉल क्लबचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांनी जेम्स मेसन या प्राध्यापकांना पत्रातून विचारलं, स्टेडियम चालवायला शिकलेला माणूस शोधायचा कुठे? असा माणूस घडवणारं ठिकाणच नव्हतं. मेसननी प्रश्न डोक्यात ठेवला, आणि १९६६मध्ये ओहायो विद्यापीठात क्रीडा-प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. (त्याच ५७ साली ओ'मॅलींनी अख्खा क्लब उचलून लॉस एंजेलिसला न्यायचं ठरवलं. ब्रुकलिनकरांचा राग काही गेला नाही!)

आपल्याकडे त्याच वर्षी ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघालं, १९६१ला पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. शिक्षक घडले, प्रशिक्षक घडले. कारभारी मात्र बहुतेक ठिकाणी मानदच राहिला.

काकांच्या वहीत शेवटच्या पानावर स्पर्धेची तूट लिहिलीय. ती कुठून भरली, ते काकूला माहीत होतं.