प्रपंचांतला संत : क्रेमोनाचा व्यापारी होमोबोनुस

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपण धर्मगुरूंचे व देऊळ उभारणाऱ्या पूर्वजांचे गुण गातों, तें योग्यच आहे. परंतु त्याच देवळांत मागच्या बांकाशीं गुडघे टेकणारा आणि मिस्सा आटोपतांच दुकानाची फळी उघडणारा किराणा दुकानदार आपल्याला क्वचितच आठवतो. दिवसभर तराजू धरणाऱ्या हातांना पावित्र्य लाभतें काय, अशी शंका पुष्कळांना येते. तिचें उत्तर ख्रिस्तसभेनें 800 वर्षांपूर्वींच दिलें आहे; तेंच आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

उत्तर इटलींत पो नदीच्या कांठीं क्रेमोना शहर आहे. बाराव्या शतकांत तेथें होमोबोनुस नांवाचा कापडाचा व्यापारी होऊन गेला. ह्या लॅटिन नांवाचा अर्थ 'भला माणूस'. तो मठवासी नव्हता कीं राजकुळांतला नव्हता. खरेदी-विक्रीवर घर चालविणारा साधा प्रापंचिक होता. रात्रीच्या प्रार्थनेला तो नित्य संत एजिदियोच्या देवळांत जाई. गोरगरिबांना तो स्वतःच्या घरीं ठेवून घेई, त्यांची शुश्रूषा करी. आणि बेवारस मेलेल्यांना मूठमाती देई. शहरांत भांडणें माजत, तेव्हां तो समेटासाठीं झटे.

हें सारें सुखानें घडलें असें मात्र नाहीं. त्याच्या दानधर्मावर त्याची पत्नी रुष्ट होत असे, असें मागाहूनच्या चरित्रांत सांगितलें आहे. त्या माउलीला आम्ही दोष देत नाहीं. उधारीची वही फुगलेली आणि घरांत लेंकरें वाढत असलेलीं, अशा वेळीं दाराशीं आलेल्या भुकेल्याला काय द्यावें, हा पेंच आपल्याही दुकानदारांच्या घरोघरीं पडत आला आहे. संतपण त्या पेंचातून सुटून जाण्यांत नसून त्यांत राहून देवाला न विसरण्यांत आहे.

13 नोव्हेंबर 1197 रोजीं मिस्सा चालू असतां 'ग्लोरिया'च्या वेळीं तो क्रूसासमोर हात पसरून पालथा पडला. लोकांना ती त्याची नेहमींची भक्ति वाटली. शुभवर्तमानाच्या वाचनालाही तो उठेना, तेव्हां त्याचा प्राण गेल्याचें कळलें.

क्रेमोनाचे बिशप सिकार्दो रोमला गेले; होमोबोनुसच्या धर्मगुरूनें शपथेवर साक्ष दिली. पोप इनोसंट तिसरे यांनीं नुसते चमत्कार पुरे मानले नाहींत. सदाचार आणि चमत्कार हीं दोन्हीं पाहिजेत, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. दोन्हींची खात्री पटल्यावर 12 जानेवारी 1199 रोजीं, म्हणजे मृत्यूनंतर अवघ्या 14 महिन्यांनीं, हा दुकानदार संत ठरला. पुढें व्यापारी व शिंपी यांनीं त्याला आपला आश्रयदाता मानिलें. त्याच्या अस्थि क्रेमोनाच्या कॅथेड्रलांत आहेत. 1997 सालीं, त्याच्या मृत्यूला 800 वर्षें झालीं तेव्हां, पोप जॉन पॉल दुसरे यांनीं खास पत्र लिहून त्याचें स्मरण केलें.

प्रिय वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतील ज्या दिवंगत दुकानदारांनीं माप खरें ठेविलें, गरिबाची उधारी चारचौघांत काढली नाहीं आणि मुलांना घेऊन सायंकाळीं रोझरी म्हटली, त्यांच्या तसबिरी कोठें लागल्या नसतील. पण त्यांचीही वाट हीच होती. त्यांच्या आत्म्यांस प्रभु चिरशांति देवो, आणि त्यांच्या गादीवर आज बसणाऱ्यांच्या हातीं त्यांचाच खरा तराजू राहो.