एका संकेताचा प्रवास : दूरमुद्रकापासून आजच्या संगणकापर्यंत

ग्रंथालयाच्या शताब्दीची तयारी चालू असताना यंदा दोन जुन्या वस्तू एकाच टेबलावर आल्या. संगणकक्षेत्रातून निवृत्त झालेल्या आपल्या एका सभासदांनी जपून ठेवलेले ‘व्हीटी १००’ जातीचे टर्मिनल ही पहिली वस्तू. हे यंत्र १९७८ साली प्रथम बाजारात आले. दुसरी वस्तू म्हणजे १९९८ साली आपणच तयार करून घेतलेल्या मराठी ग्रंथसूचीची तबकडी. टर्मिनल आजच्या संगणकाला जोडताच एका दुपारी बोलू लागले. त्याच्याहून वीस वर्षांनी लहान असलेली ग्रंथसूची मात्र उघडूनही वाचता आली नाही. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते. ते ग्रंथालयाच्या सभासदांनी जाणून घेण्याजोगे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

टर्मिनल म्हणजे संगणक नव्हे. मोठ्या संगणकाने धाडलेली अक्षरे दाखवणे आणि माणसाने दाबलेली अक्षरे त्याच्याकडे पोचवणे, एवढेच त्याचे काम. या कामावर पूर्वी दूरमुद्रक असे. १९६३ साली आलेला ‘टेलिटाइप ३३’ सेकंदाला दहा अक्षरे या वेगाने कागदावर खडखडाट करीत छापत असे. त्याच वर्षी अमेरिकेत ‘आस्की’ हा संकेत प्रसिद्ध झाला. अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यावयाच्या आज्ञा यांच्यासाठी त्यात १२८ क्रमांकांची सोय होती. हे क्रमांक तारेतून कसे जावेत, याविषयीचा ‘आरएस-२३२’ हा करार १९६० पासूनच अस्तित्वात होता. १९६९ च्या त्याच्या सुधारित आवृत्तीनुसार उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे ‘एक’ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ‘शून्य’. अशी शून्ये आणि एक एकामागून एक ओळीने जातात, म्हणून या जोडणीला ‘सीरियल’ म्हणतात.

पुढे कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. मॅसॅच्युसेट्समधील मेनार्ड या गावी, लोकरीच्या एका जुन्या गिरणीच्या इमारतींत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी नांदत होती. तिने १९७० साली ‘व्हीटी ०५’ आणि १९७८ साली ‘व्हीटी १००’ हे टर्मिनल काढले. त्याच्या पडद्यावर प्रत्येकी ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत. छिद्रे पाडण्याच्या १९२८ सालच्या आयबीएम कार्डावरही ८० च रकाने होते. ओळीची ही लांबी कागदी कार्डापासून पडद्यापर्यंत टिकून राहिली.

‘व्हीटी १००’चे खरे महत्त्व मात्र निराळेच आहे. पडदा पूस, अमुक ओळीवर जा, अक्षर ठळक कर अशा आज्ञा देण्यासाठी पूर्वी प्रत्येक कारखानदाराची स्वतंत्र परिभाषा असे. या यंत्राने, राष्ट्रीय मानक म्हणून त्या सुमारास आकाराला येत असलेली सामाईक परिभाषा उचलली. अमेरिकेत ते मानक १९७९ साली प्रसिद्ध झाले. यंत्राची पुस्तिका आणि मानक ही दोन्ही कोणालाही वाचता येण्याजोगी असल्याने इतर कारखानदारांनी त्याच आज्ञा आपल्या यंत्रांत घातल्या. १९९८ साली कॉम्पॅकने ही कंपनी विकत घेतली आणि ती नामशेष झाली; तिची परिभाषा मात्र उरली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘लिनक्स’ची सुरुवात केली तीदेखील हेलसिंकी विद्यापीठाच्या संगणकाशी बोलण्यासाठी टर्मिनलची नक्कल करणाऱ्या एका प्रोग्रामपासून! लिनक्समध्ये अशा जोडणीला आजही ‘टीटीवाय’ म्हणतात. ते टेलिटाइपचेच संक्षिप्त नाव.

आता त्या दुपारची हकीकत. आजच्या बहुतेक संगणकांना सीरियल जोडणीची खोबणी नसते, म्हणून यूएसबीतून तशी जोडणी करून देणारा एक छोटा जोड घेतला. टर्मिनल आणि संगणक ही दोघेही स्वतःला ‘बोलणारे’ समजतात. त्यामुळे एकाची पाठवण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या तारेला भिडेल अशी उलटी केबल लागली. दोन्हीकडे सेकंदाला ९६०० हा वेग ठेवला. एका अक्षरामागे आरंभ-समाप्तीच्या खुणांसह दहा शून्य-एक जातात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे, आणि १९२० अक्षरांचा पूर्ण पडदा भरायला दोन सेकंद! टर्मिनल मागे पडू लागले की ते स्वतःच ‘थांब’ असा संकेत धाडते आणि सावरल्यावर ‘चालू दे’ म्हणते. संगणकाला हे संकेत मानायला सांगितले. शेवटी समोरच्या यंत्राचे नाव त्याला कळवले. ‘व्हीटी १००’ ही नोंद त्याच्या कोशात आजही आहे. पुढच्याच क्षणी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संगणकाने सभासदांचे नाव विचारले.

मग कोणीतरी म्हणाले, मराठी दाखवा. आजचे संगणक युनिकोडची अक्षरे ‘यूटीएफ-८’ या पद्धतीने पाठवतात. तीत एका देवनागरी अक्षरासाठी तीन क्रमांक लागतात. ‘व्हीटी १००’ ला मात्र १२८ च चिन्हे ठाऊक. त्यावरील भाग ते सोडून देते. परिणामी पडदा डॉलरच्या चिन्हांनी भरून गेला. ‘छ’ची तर वेगळीच गंमत. त्याच्या तिसऱ्या क्रमांकाचा वरचा भाग गळला की जे उरते, ते टर्मिनलच्या लेखी ‘पुढे आज्ञा येत आहे’ असे होते. बिचारे यंत्र आज्ञेची वाट पाहत पुढचे चिन्ह गिळून टाकी! मंडळी मनमुराद हसली. पण या घोटाळ्याचे कारण आम्हांला नेमके सांगता येत होते, कारण दोन्ही संकेत जाहीर आहेत.

ग्रंथसूचीच्या बाबतीत हेच शक्य नव्हते. वास्तविक देवनागरीसाठी करार झालेला होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुण्याच्या सी-डॅकने वाढवले आणि त्यातून भारतीय लिपी दाखवणारी टर्मिनलेही निघाली. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हा संकेत मान्य केला; त्याच्या १९८८ च्या आधीच्या रूपावर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आधारलेली आहे. परंतु छपाईच्या व्यवहारात निरनिराळ्या फाँटवाल्यांनी देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर आपापल्या मर्जीने बसवले. आपल्याला मिळालेला फाँट त्यांपैकीच एक. विक्रेत्याने क्रमांकांचा तक्ता दिला नाही, आणि खरे सांगायचे तर आपणही तो मागितला नाही. फाँट हरवला, तशी सूची मुकी झाली. यात यंत्राचा दोष नाही. संकेत लिहून ठेवला गेला नाही, हा दोष आहे.

बडोदे संस्थानात १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांना शास्त्रशुद्ध शिस्त लावली. वर्गांक कसा वाचावा, हे कोणत्याही वाचकाला शिकून घेता येते, हेच त्या शिस्तीचे मर्म आहे. आपल्या ग्रंथालयाची जुनी सूचिपत्रे सुदैवाने टाकली गेली नव्हती. सध्या दोन सभासद सूचिपत्रातील नाव आणि तबकडीतील अगम्य ओळ शेजारी ठेवून एकेक चिन्ह जुळवीत आहेत. ‘ज्ञानेश्वरी’ने ‘ज्ञ’ दिला, ‘श्यामची आई’ने ‘श्य’. तक्ता निम्म्याहून अधिक भरला आहे. तो पुरा झाल्यावर संपूर्ण सूची युनिकोडमध्ये आणता येईल. तक्त्याची एक प्रत मात्र कागदावर छापून सूचिपत्रांच्या पहिल्याच खणात ठेवावी, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. द्विशताब्दीच्या वेळी या टेबलाभोवती जे बसतील, त्यांना ती उपयोगी पडेल.